पोहणारे जीवाणू एकमेकांना चिकटतात कसे?

प्रश्न : माझी मुलगी येथील महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कशाभिका हे जीवाणूंचे हालचालीचे अवयव आहेत, एवढेच तिच्या पुस्तकात दिले आहे. मात्र समुद्रातील जीवाणूंविषयी वाचताना तिला असे आढळले, की कशाभिका असलेले अनेक जीवाणू गठ्ठे करण्यातही पुढे असतात आणि त्यांच्या कशाभिका निकामी केल्या तर गठ्ठे नीट बनत नाहीत. ज्याला पळता येते त्याने पांगावे. तो जमतो कसा? घरात यावर दोन दिवस चर्चा झाली, पण उलगडा झाला नाही. कृपया सविस्तर सांगावे.
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे आणि ते बाहेर काढले की निम्मे उत्तर हाती येते. जमणे म्हणजे चिकटणे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चिकटण्याआधी भेट व्हावी लागते, आणि समुद्रात अवघड असते ती भेटच. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. आकडा ऐकून दाटीवाटी डोळ्यांपुढे येते, पण हिशेब करून पाहावा. इतक्या पाण्याची सारखी वाटणी केली, तर प्रत्येक जीवाणूच्या वाट्याला शंभर मायक्रोमीटर बाजूचा एक घन येतो, आणि जीवाणूची स्वतःची लांबी असते जेमतेम एक मायक्रोमीटर. म्हणजे शेजारी शंभर देहांइतका दूर. माणसाच्या मापात सांगायचे, तर बिंदू चौकात एक माणूस उभा आहे आणि त्याला सर्वांत जवळचा माणूस पावणेदोनशे मीटरवर आहे. तोही समोरच्या रस्त्यावर असेल असे नाही, डोक्यावर किंवा पायांखाली तेवढ्याच अंतरावर असू शकेल, आणि दोघांनाही डोळे नाहीत.

अशा स्थितीत ज्याला पोहता येत नाही त्याचे काय होते? पाण्याचे रेणू त्याला सतत धडकतात आणि त्या धडकांनी तो इकडून तिकडे ढकलला जातो. केवळ या ढकलाढकलीवर विसंबून शंभर मायक्रोमीटर दूर जायला एक मायक्रोमीटर आकाराच्या जीवाणूला तासाभराहून अधिक वेळ लागतो, आणि तो गेला तरी कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो. पोहणाऱ्या सागरी जीवाणूला, सेकंदाला पन्नास मायक्रोमीटर हा वेग धरला, तर तेवढेच अंतर दोन सेकंदांत कापता येते. एक तास आणि दोन सेकंद, हा फरक ध्यानात घेतला म्हणजे कशाभिकेचे पहिले काम आपोआप स्पष्ट होते. ती जीवाणूला पांगवते हे खरे आहे; पण विरळ वस्तीत जो जास्त हिंडतो त्याच्याच जास्त गाठीभेटी होतात, हेही तितकेच खरे आहे.

कशाभिका नेमकी चालते कशी, हे सांगितल्याखेरीज पुढचा भाग कळणार नाही. ती शेपटीसारखी वळवळत असावी असे दीर्घकाळ मानले जात होते. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ मध्ये असे मांडले, की कशाभिका वळवळत नाही, ती मुळापासून फिरते. आणि पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन व मेल्विन सायमन यांनी ते डोळ्यांनी दाखवून दिले. त्यांनी कशाभिका काचेला चिकटवून टाकली, तेव्हा मोकळे राहिलेले जीवाणूचे शरीरच गरगर फिरू लागले. म्हणजे पेशीच्या आवरणात खरोखरच एक फिरती मोटर बसवलेली आहे. तिला जोडून एक लवचिक आकडा आहे, आणि आकड्याला जोडून मळसूत्राच्या आकाराचा, आतून पोकळ असा प्रथिनाचा तंतू आहे. तंतूची जाडी सुमारे वीस नॅनोमीटर, पण लांबी जीवाणूच्या शरीराच्या कित्येक पट असू शकते. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूची मोटर हायड्रोजनच्या भारित कणांच्या प्रवाहावर चालते. समुद्रातील व्हिब्रिओ कुळातल्या जीवाणूंची टोकाची कशाभिका मात्र सोडियमवर चालते, आणि खाऱ्या पाण्यात सोडियमला तोटा नाही. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस या जातीत ही मोटर सेकंदाला १,७०० फेऱ्यांपर्यंत जाते असे मोजले गेले आहे.

एवढा वेग कशासाठी, असे वाटेल. जीवाणूच्या आकाराला पाणी हे आपल्याला वाटते तसे पातळ राहत नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आटत काकवीच्या पलीकडे गेला की त्यातून साधा ढवळणा ओढणेही जड जाते. जीवाणूला पाण्यात पोहणे हे त्याहूनही चिकट द्रवात पोहण्यासारखे असते. त्याने मोटर बंद केली तर तो पुढे घसरत जात नाही, एका अणूच्या व्यासाइतकेही अंतर न जाता जागच्या जागी थांबतो. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण गठ्ठ्याच्या बाबतीत तिला महत्त्व आहे. दोन जीवाणू जवळ येत असताना त्यांच्यामधले पाणी बाजूला सारावे लागते, आणि ते पाणी सहज सरत नाही. निव्वळ तरंगत आलेला जीवाणू अगदी जवळ येऊनही टेकण्याआधी बाजूने निघून जाऊ शकतो. मोटर चालू असलेला जीवाणू मात्र शेवटच्या क्षणापर्यंत रेटा देत राहतो.

आता दिशेविषयी. जोतिबाच्या चैत्री यात्रेला गावोगावचे लोक एकमेकांना भेटायला निघत नाहीत, प्रत्येक जण देवाला निघतो. डोंगरावर पोचल्यावर मात्र गर्दी होते. समुद्रातील पुष्कळसे गठ्ठे असेच बनतात. एकपेशीय शैवाल आपल्याभोवती शर्करा आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाझरत असते. मेलेल्या प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे) तुकडे, प्राण्यांची विष्ठा आणि श्लेष्म यांचे कण खाली बुडत असताना त्यांच्या मागे विरघळलेल्या अन्नाची एक पुसटशी रेघ उमटत जाते. जीवाणूला ही रेघ 'दिसत' नाही, पण पोहता पोहता अन्नाचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे एवढे त्याला कळते. वाढत असेल तर तो त्याच दिशेने पुढे जात राहतो, घटत असेल तर वळतो. एकच कशाभिका असलेल्या व्हिब्रिओच्या वळण्याची रीत मोठी सुंदर आहे. तो आधी उलटा पोहतो, मग पुन्हा सरळ पोहू लागतो, आणि त्या क्षणी कशाभिकेच्या मुळाशी असलेला लवचिक आकडा ताणाने क्षणभर दुमडतो. त्या दुमडीमुळे शरीर झटक्याने वेगळ्या दिशेला वळते. आकड्याचा मऊपणा हा दोष नसून सुकाणू आहे, हे २०१३ साली वेगवान चित्रीकरणातून स्पष्ट झाले. अशा रीतीने अनेक जीवाणू एकाच कणाकडे येतात, आणि शंभर देहांचे अंतर एक-दोन देहांवर येते.

इथपर्यंतचे कशाभिकेचे काम निर्विवाद आहे. यापुढचे काम जातीजातीत बदलते, म्हणून ते जरा जपून सांगतो.

जवळ आलेले दोन जीवाणू लगेच चिकटत नाहीत. बहुतेक जीवाणूंच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि समान भार एकमेकांना दूर सारतात. पावसाळ्यात पंचगंगेचे गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले तर ते लवकर निवळत नाही, त्याचे एक कारण हेच. मातीचे बारीक कणही असेच एकमेकांना दूर ठेवतात, आणि तुरटी फिरवली की त्यांचा भार झाकला जाऊन ते एकत्र येतात व तळाशी बसतात. समुद्रात हे काम मीठ करते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असल्याने भाराचा दरारा एक नॅनोमीटरच्याही आत संपतो. तरीही शेवटचा अडसर उरतोच, कारण पेशीचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो आणि त्यावर साखरेच्या साखळ्यांचे पाणीदार आवरण असते. दोन गोल शरीरे संपूर्ण पृष्ठभागाने एकमेकांजवळ येण्यापेक्षा वीस नॅनोमीटर जाडीचा एखादा तंतू पुढे जाऊन टेकणे सोपे असते. शरीरापासून कित्येक मायक्रोमीटर पुढे गेलेली कशाभिका असा पहिला स्पर्श करू शकते. काही जातींत तिचे प्रथिन स्वतःच चिकट असते. इतर जातींत स्पर्शानंतरची पकड पिलाय नावाच्या आखूड तंतूंकडे असते.

या स्पर्शात आणखी एक गोष्ट घडते, आणि मला स्वतःला या साऱ्या विषयातला हा सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा किनाऱ्यालगतच्या पाण्यातला, मासे व शिंपल्यांवर आढळणारा जीवाणू मोकळ्या पाण्यात एकाच कशाभिकेने पोहतो. ती कशावर तरी टेकली, किंवा भोवतालचा द्रव दाट झाला, की तिचे फिरणे मंदावते. लिंडा मॅकार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले, की हे मंदावणे हाच जीवाणूसाठी निरोप असतो: 'आता मोकळ्या पाण्यात नाही, कशाला तरी टेकलो आहे.' निरोप मिळताच जीवाणू शरीराच्या कडेने दुसऱ्या प्रकारच्या पुष्कळ कशाभिका उगवतो आणि पृष्ठभागावर पसरू लागतो. म्हणजे जी वल्ह्याचे काम करत होती, तीच चाचपणाऱ्या बोटाचेही काम करते. मोटर अडली हे पेशीला कळते आणि त्यावरून पुढची जनुके चालू किंवा बंद होतात.

स्थिरावण्याचा निर्णय झाला की अनेक जातींमध्ये चक्रीय डाय-जीएमपी नावाच्या एका छोट्या रेणूचे पेशीतील प्रमाण वाढते. हे प्रमाण कमी असताना जीवाणू पोहतो. वाढले की कशाभिकांचे काम आवरते घेतले जाते आणि बहुशर्करांचा चिकट लगदा बाहेर सोडला जातो. गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट द्राव टाकतात, तेव्हा रसातील बारीक गाळ त्या चिकटपणात गुंतून मळीच्या रूपाने एकत्र वर येतो, हे आपण पाहिले असेल. तो चिकट पदार्थही बहुशर्कराच आहे, आणि जीवाणूंच्या गठ्ठ्यातले बांधकाम याच जातीचे असते. कशाभिका जीवाणूंना जागेवर आणते, जागा बरोबर आहे हे सांगते. टिकाऊ बांधणी मात्र बहुतांशी या लगद्याची असते.

बहुतांशी म्हणण्याचे कारण असे, की काही ठिकाणी कशाभिका बांधणीतही सामील झालेल्या दिसतात. ई. कोलायच्या वसाहतीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वाढत्या थरातील पेशींच्या कशाभिका एकमेकींत गुंतून काथ्याच्या विणीसारखी जाळी झालेली दिसते आणि पेशी त्या जाळीत अडकलेल्या दिसतात. हा जीवाणू समुद्रातला नव्हे, त्यामुळे हेच चित्र प्रत्येक सागरी जातीला लावू नये; पण लांब, मळसूत्री तंतू एकमेकांत अडकू शकतात, ही गोष्ट त्यातून निश्चित होते.

आपल्या मुलीला हा विषय पुढे अभ्यासायचा असेल, तर तिने एक पद्धत अवश्य समजून घ्यावी. कशाभिका नसलेला जीवाणू कमी चिकटला, एवढ्यावरून कशाभिका चिकट असते असे म्हणता येत नाही. तो पोचलाच नाही, असेही असू शकते. म्हणून संशोधक तीन प्रकारचे उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेले, जीवाणू शेजारी ठेवून पाहतात: ज्याला तंतूच नाही असा; ज्याला तंतू आहे पण मोटर अडलेली आहे असा; आणि ज्याची मोटर फिरते पण ज्याला अन्नाची दिशा कळत नाही असा. ई. कोलायवर १९९८ मध्ये अशी तुलना झाली, तेव्हा पहिले दोन्ही प्रकार पृष्ठभागावर वसण्यात मागे पडले आणि तिसरा जवळपास नेहमीसारखाच वसला. म्हणजे तिथे फिरणे महत्त्वाचे होते, दिशाज्ञान तितके नव्हते. लिस्टेरिया या जीवाणूवर २००७ मध्ये झालेल्या कामात तर अडलेल्या मोटरचे जीवाणू अपकेंद्री यंत्रात फिरवून पृष्ठभागावर दाबले गेले, आणि त्यांची सुरुवातीची चिकटण्याची उणीव भरून निघाली. उणीव पोचण्याची होती, चिकटपणाची नव्हती. समुद्रातील कोणत्याही जातीविषयी 'कशाभिकेमुळे गठ्ठा होतो' असे विधान वाचले, की यांपैकी कोणती तुलना केलेली आहे हे आधी पाहावे.

पोहण्याचा उपद्रवही असतो, हे सांगायला हवे. सैल गठ्ठ्यातील जीवाणू मोटर चालू ठेवून असतील तर ते स्वतःच गठ्ठा हलवून मोकळा करतात. त्यामुळे घट्ट गठ्ठ्यात बऱ्याच पेशी थांबलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. मात्र २०२२ मध्ये व्हिब्रिओ स्प्लेंडिडस या सागरी जीवाणूविषयी जे प्रसिद्ध झाले, ते अधिक गुंतागुंतीचे आहे. तपकिरी समुद्रशैवालात अल्जिनेट नावाची बहुशर्करा असते. मालवणच्या खडकांवर भरतीच्या रेषेखाली दिसणारे सरगॅसम हे अशाच शैवालांपैकी एक. अल्जिनेटवर वाढताना या जीवाणूचे गोल गठ्ठे बनतात. गठ्ठा मोठा झाला की बाहेरच्या कवचातील पेशी स्थिर राहतात आणि आतल्या पेशी पोहत्या असतात, त्याही पोटात कार्बनचा साठा बाळगून. अशा साठा केलेल्या पेशी पुढे नवे गठ्ठे अधिक सहज सुरू करतात. बिया धरलेल्या फळासारखे हे आहे असे म्हटले तर फार चुकणार नाही. पोहणे आणि जमणे या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी नसून एकाच जीवनक्रमातले दोन टप्पे आहेत, हे या जीवाणूइतके स्वच्छ क्वचितच कोणी दाखवले असेल.

प्रश्न : मग ज्यांना कशाभिका नाहीत त्यांचे गठ्ठे होतच नाहीत का? आणि गठ्ठा करून समुद्रातल्या जीवाणूचा फायदा तरी काय?
— एक विद्यार्थी, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : होतात. लाटा आणि प्रवाह पाणी घुसळतात, बुडणारे कण वाटेतले जीवाणू गोळा करत जातात, आणि एका पेशीच्या विभाजनानंतर दोन्ही लेकी एकमेकींना चिकटून राहिल्या तर पोहण्याची गरजच पडत नाही. उलटे उदाहरणही आहे. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जीवाणूच्या ओ-१३९ या प्रकारात कशाभिका नाहीशी केली, तर पेशी बहुशर्करा अधिक सोडू लागते आणि तिची वसाहत सुरकुतलेली, दाट होते. येथे कशाभिकेचा अभाव हाच 'आता थांब' असा संकेत ठरतो. वर सांगितलेल्या चाचपणीच्या कामाशी हे सुसंगत आहे. मोटर अडली काय किंवा तिला जोडलेला तंतूच नसला काय, पेशीला मिळणारा निरोप नेहमीचा राहत नाही.

दुसऱ्या टोकाला पेलॅजिबॅक्टर आहे. जगातील समुद्रांत सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या जीवाणूंमध्ये याची गणना होते. त्याला कशाभिका नाहीत, तो गठ्ठे करत नाही, अतिशय लहान देहाने एकटा तरंगतो आणि पाण्यात विरघळलेल्या अगदी विरळ अन्नावर जगतो. म्हणून गठ्ठा हा सर्वांसाठीच हिताचा आहे असे समजू नये.

ज्यांचे अन्न कणांच्या रूपात असते त्यांना मात्र तो हिताचा ठरतो. अल्जिनेट किंवा कायटिन यांसारखे मोठे रेणू पेशीत शिरू शकत नाहीत. त्यांचे तुकडे करणारी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडावी लागतात, आणि एकट्या जीवाणूने सोडलेली विकरे व त्यांनी सुटे केलेले अन्न पाण्यात वाहून जाते. अनेक जण जवळ असले की एकाच्या विकरांचे फळ दुसऱ्याच्या तोंडी पडते. शिवाय जीवाणू खाणारे एकपेशीय प्राणी फार लहान असतात आणि त्यांच्या तोंडात गठ्ठा मावत नाही. तोटाही आहे: गठ्ठा फार मोठा झाला की आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू व नायट्रोजनयुक्त अन्न पुरेसे पोचत नाही.

याची व्याप्ती मोठी आहे. मृत प्लवक, श्लेष्म आणि जीवाणू मिळून अर्ध्या मिलिमीटरहून मोठे झालेले जे कण समुद्रात खाली खाली पडत असतात, त्यांना सागरी हिम म्हणतात. ते दिवसाला काही दहा मीटरपासून काही शे मीटरपर्यंत बुडतात. भोवतालच्या पाण्यापेक्षा त्यांच्यात जीवाणूंची दाटी शेकडो ते हजारो पट असते. हवेतून समुद्रात आलेल्या कार्बनपैकी किती खोल तळाकडे जाणार आणि किती वाटेतच विरघळून परत वर येणार, हे या कणांवर कोण, किती लवकर पोचते आणि तिथे काय करते यावर बरेचसे ठरते.

प्रश्न : माझ्या आजेसासूबाई पुराच्या दिवसांत पिण्याचे पाणी जुन्या लुगड्याची चार पदरी घडी करून गाळत असत. जीवाणू तर कापडातून सहज निघून जातात. मग या गाळण्याला काही अर्थ होता का?
— एक गृहिणी, शिरोळ तालुका

उत्तर : अर्थ होता, आणि तो आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. सुटा जीवाणू कापडाच्या छिद्रातून जातो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण पटकीचा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलेरी, हा मुळात नदीमुखांच्या मचूळ पाण्यातला आणि किनाऱ्यालगतचा रहिवासी आहे. तो टोकाच्या एका कशाभिकेने पोहतो, आणि कोपेपॉड या अगदी बारीक, कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्यांच्या कवचावर मोठ्या संख्येने वस्ती करतो. त्या कवचात कायटिन असते व ते त्याचे अन्न आहे. तेथे पोचण्यासाठी कशाभिका, पकडण्यासाठी पिलाय आणि टिकण्यासाठी बहुशर्करा, हा क्रम पहिल्या उत्तरात सांगितला तसाच आहे. एका कोपेपॉडवर असे हजारो जीवाणू असू शकतात. कापडात जीवाणू अडकत नाही, कोपेपॉड अडकतो.

रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट बांगलादेशातील मतलब भागातील खेड्यांमध्ये तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या खेड्यांमध्ये पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. त्यात जुनी साडी नव्या साडीपेक्षा सरस ठरली, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रे बारीक होतात. चार पदरांतून वीस मायक्रोमीटरच्या आसपासचे कण अडवले जातात. आपल्या आजेसासूबाईंनी जुनेच लुगडे निवडले होते, ही लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

परंतु निम्मे प्रमाण म्हणजे शून्य नव्हे. सुटे पोहणारे जीवाणू त्या पाण्यात राहतात, आणि कावीळ व अतिसार घडवणारे विषाणू तर कापडाला जुमानतच नाहीत. पुराच्या पाण्यात मैलापाणी मिसळलेले असण्याची शक्यता असते. म्हणून गाळणे ही पहिली पायरी समजावी. त्यानंतर पाणी खळखळून उकळावे, किंवा आरोग्य कर्मचारी सांगतील त्या प्रमाणात क्लोरिनचे द्रावण घालून अर्धा तास ठेवावे. आधी गाळल्याने क्लोरिनचेही काम सुधारते, कारण गठ्ठ्यात किंवा प्लवकाला चिकटून बसलेल्या जीवाणूपर्यंत ते नीट पोचत नाही. गाळलेले कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे.

प्रश्न : आम्ही पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहोत. कशाभिका आणि गठ्ठे यांचा संबंध दाखवणारा एखादा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत करता येईल का?
— तीन विद्यार्थिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : करता येईल, पण शिक्षकांच्या देखरेखीखालीच. सुट्टीत रत्नागिरीहून बाटलीभर समुद्राचे पाणी आणून त्यातील जीवाणू वाढवण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण त्यात रोगकारक व्हिब्रिओ असू शकतात. ओळख पटलेले, निरुपद्रवी वाणच वापरावेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. महाविद्यालयामार्फत तेथे विचारणा करता येईल. वाण सागरी असेल तर माध्यमात समुद्राइतके मीठ हवे, नाहीतर सोडियमवर चालणारी मोटर मंदावेल आणि निष्कर्ष चुकतील.

आधी लोंबत्या थेंबाच्या पद्धतीने जीवाणू पोहतात याची खात्री करून घ्या. कशाभिका साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत इतक्या बारीक असतात, म्हणून टॅनिक आम्लयुक्त रंगद्रव्याचा थर चढवून त्या जाड कराव्या लागतात. ही रंगवण्याची पद्धत हाताला बसायला वेळ लागतो, तेव्हा तीन-चार वेळा बिघडली तरी नाउमेद होऊ नका. मग वाढीचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसरा भाग बारीक सुईच्या सिरिंजमधून पुष्कळ वेळा आतबाहेर करा. या घर्षणाने लांब कशाभिका तुटून पडतात, शरीर मात्र बहुधा शाबूत राहते. तुटल्या की नाही हे पुन्हा लोंबत्या थेंबात पाहून ठरवा. त्यानंतर दोन्ही नळ्या हलक्या हाताने ढवळून उभ्या ठेवा आणि ठरावीक वेळाने फक्त वरच्या थरातील पाण्याची गढूळता प्रकाशमापकावर मोजा. गठ्ठे झाले तर ते तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. ज्या नळीत निवळणे मंद असेल, तिथे गठ्ठे कमी झाले असे म्हणता येईल.

दोन गोष्टींची नोंद वहीत आधीच करून ठेवा. सुईच्या घर्षणाने पिलायही तुटतात, त्यामुळे फरक दिसला तरी तो फक्त कशाभिकांचा आहे असे लगेच लिहू नका. आणि ताज्या माध्यमात ठेवल्यास जीवाणू कशाभिका पुन्हा उगवतात. म्हणून तोडलेल्या नळीचा काही भाग वाढू द्या, तो पुन्हा पोहू लागला की तीच मोजणी परत करा. पोहणे परत आले आणि त्याबरोबर निवळण्याचा वेगही परत आला, तर आपला निष्कर्ष बराच भक्कम होईल. तिन्ही मोजण्यांचे आलेख एकाच कागदावर काढून आमच्याकडे पाठवले, तर पुढील अंकात त्यांवर सविस्तर लिहीन.